एकसष्टावा दिवस

महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी लोअर परळच्या काचेच्या इमारतींत सकाळी साडेदहाला जो प्रश्न विचारला जातो, तो दिसायला पहिलीच्या पुस्तकातला असतो. "गेल्या महिन्यात तक्रारी किती आल्या?" तक्रारींची यादी आहे, प्रत्येकीपुढे तारीख आहे, मोजायचं आणि सांगायचं. तरीही साडेअकरापर्यंत तीन जणांकडून तीन आकडे आलेले असतात आणि फाइल एकच होती असं तिघंही शपथेवर सांगत असतात.

"साधं मोजता येत नाही तुम्हाला?" साहेब विचारतात.

ज्याच्याकडे बघून विचारतात तो एमआयएसवाला. असा पोरगा वरळीपासून परळपर्यंतच्या प्रत्येक मजल्यावर एक असतोच, त्यामुळे नाव सांगण्यात अर्थ नाही. आपला हा राहतो वरळी कोळीवाड्यात, किल्ल्याच्या बाजूला. एमआयएस म्हणजे काय हे त्याला घरी अजून नीट सांगता आलेलं नाही. गल्लीत त्याची ओळख 'कॉम्प्युटरवर बेरजा करतो' एवढीच, आणि त्यावर आईचं मत असं, की बेरजाच करायच्या तर कॉम्प्युटर कशाला? ती बाजारात बसते. बोंबलाचे वाटे, बर्फाचे पैसे, टेम्पोचं भाडं, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईची मागच्या मंगळवारची उधारी, सगळं तोंडी. तिला गेल्या महिन्याचा आकडा विचारला तर उत्तर मिळतं, पण आधी "कशाला हवाय?" असं विचारलं जातं. ऑफिसात नेमकं हेच कुणी विचारत नाही.

पोराच्या हातातलं हत्यार म्हणजे काउंटइफ्स. एक्सेलमध्ये ते आलं २००७ च्या आवृत्तीत. त्याआधीचा काउंटइफ एकाच अटीवर चाले. 'एक तारखेपासून पुढे' एवढं तो ऐके. 'आणि एकतीसच्या आत' म्हटलं की त्याचा कान बंद. मग लोक दोनदा मोजून एकातून दुसरं वजा करत, नाहीतर समप्रॉडक्ट नावाचा एक लांबलचक फॉर्म्युला कुणाच्या तरी फाइलीतून उचलून आणत. तो का चालतो हे उचलणाऱ्याला माहीत नसे, आणि ज्याच्याकडून उचलला त्यालाही नसे. २००७ नंतर दोन्ही अटी एकदम घालता येऊ लागल्या आणि तमाम कारकुनी जगाला वाटलं, सुटलो.

सुटलं कुणीच नाही. अट लिहायची रीतच अशी, की 'पेक्षा मोठं किंवा तेवढंच' हे चिन्ह अवतरणाच्या आत, तारीख ज्या खान्यात बसली आहे त्याचं नाव अवतरणाच्या बाहेर, आणि मध्ये अँपरसँड. फॉर्म्युला चुकला की एक्सेल बोंब मारतं असा एक समज आहे. कंस विसरला तर मारतं. अट चुकली तर मात्र ते अतिशय सभ्यपणे शून्य दाखवतं आणि गप्प बसतं. खान्याचं नाव चुकून अवतरणाच्या आत गेलं, की एक्सेल त्या नावालाच शब्द समजतं, तारखांच्या रांगेत शब्द शोधत हिंडतं, एकही सापडत नाही, शून्य. हे शून्य अकराला साहेबांकडे जातं, साडेअकराला साहेबांच्या साहेबांकडे, आणि बाराला सगळ्यांना मेल येतो: 'जुलैमध्ये एकही तक्रार नाही. अभिनंदन, टीम!' केक मागवला जातो. केक कापला जात असताना मागच्या रांगेतले चार फोन वाजत असतात आणि ते घेणाऱ्या मुली पलीकडच्या संतप्त माणसाला सांगत असतात, "सर, आपली तक्रार नोंदवून घेतली आहे."

मुळात एक्सेलला तारीख कळतच नाही. त्याच्या लेखी प्रत्येक तारीख हा एक नंबर. १ जानेवारी १९०० ला एक म्हणायचं आणि पुढे मोजत जायचं. असं मोजत आलं की १ जून २०२५ चा नंबर लागतो ४५८०९. आपल्याला जो 'जून' दिसतो तो वरचा रंग. बरं, ही मोजणीसुद्धा दुसऱ्याच महिन्यात घसरलेली आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. शंभराने भाग जाणाऱ्या वर्षाला चारशेनेही भाग गेला तरच ते लीप. पण एक्सेलच्या आधी ज्याची चलती होती त्या लोटस १-२-३ ने १९०० च्या पदरात २९ फेब्रुवारी घातला होता, आणि लोटसच्या फाइली आपल्याकडे जशाच्या तशा चालाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ती चूक समजून उमजून उचलली. जगात कधीच न उगवलेला तो दिवस तिथे अजून मुक्काम ठोकून आहे. जुन्या मॅकवरचं एक्सेल या भानगडीत न पडता १९०४ पासून मोजायला लागलं. त्यामुळे तशा फाइलीतल्या तारखा उचलून साध्या फाइलीत चिकटवल्या की त्या १४६२ दिवस मागे जातात. चार वर्षं आणि एक दिवस. गिऱ्हाइकाने तक्रार केलेली असते २०२५ मध्ये, रिपोर्टात ती २०२१ ची निघते, आणि इतक्या जुन्या तक्रारीची दखल घेऊ नये असा नियम प्रत्येक कंपनीत असतोच.

आता तारीख जर नंबर, तर वेळ काय? अपूर्णांक. दुपारचे बारा म्हणजे अर्धा, संध्याकाळचे सहा म्हणजे पाऊण. ३१ जुलै २०२५ च्या संध्याकाळी सहाला आलेली तक्रार एक्सेलच्या वहीत ४५८६९.७५ अशी चढते. तिघांपैकी पहिल्याचा आकडा इथे फुटतो. त्याने सरळ मनाने अट घातलेली असते: ३१ जुलै किंवा त्याहून लहान. ३१ जुलै म्हणजे ४५८६९, आणि पाऊण जास्त असलेला माणूस त्याहून मोठा! तेव्हा एकतीस तारखेला बरोबर मध्यरात्रीच्या ठोक्याला ज्याने तक्रार केली तेवढा एक गृहस्थ आत येतो. सकाळी नऊपासून भांडणारे सगळे बाहेर राहतात. महिन्याचा शेवटचा दिवस, म्हणजे बिलं लागण्याचा आणि शिव्या पडण्याचा दिवस, अख्खा गायब.

यावरचा उपाय सोपा आहे. समजावून सांगणं सोपं नाही.

"सर, एकतीस जुलै पूर्ण धरायचा असेल तर 'एक ऑगस्टपेक्षा लहान' असं लिहावं लागतं."

"पण मला जुलै हवाय."

"म्हणूनच ऑगस्ट लिहिलंय, सर."

"ऑगस्ट काढ आधी. वरचे लोक बघणार आहेत."

ऑगस्ट काढला जातो. त्याबरोबर एकतीस जुलैही जातो. तक्रारी कमी दिसतात. साहेब खूष.

कोळीवाड्यात एकतीस जुलै आणि एक ऑगस्ट यांतला फरक कुणाला समजावावा लागत नाही. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, दोन्ही दिवस धरून. पावसाळा हा बऱ्याच माशांचा अंडी घालण्याचा काळ, दर्याही खवळलेला, म्हणून ही सक्तीची सुट्टी. पूर्व किनाऱ्यावर तीच सुट्टी १५ एप्रिल ते १४ जून. बिगरयांत्रिक होडीला, म्हणजे शिडा-वल्ह्यांच्या होडीला, ही बंदी लागू नाही. पण तशी होडी आता शोधायला निघावं लागेल. दोन्ही किनाऱ्यांवर बंदीचे दिवस मोजून ६१. बोटी किनाऱ्याला शाकारलेल्या, जाळी घराघरांतून दुरुस्तीला पसरलेली, आणि घरात एक नाखवा, ज्याला दोन महिने घरातली माणसं रोज दिसतात. अशा एका संध्याकाळी पोरगा लॅपटॉप उघडून बसतो.

"बाबा, बंदी साठ दिवसांची."

"येकसष्ट."

"एकतीस जुलै वजा एक जून, साठ येतात. हे बघा."

"मंग तुझ्या कॉम्प्युटरला बोट दे नि एकतीसला धाड. गस्तीवालं आनतील परत."

बाप बरोबर आहे आणि वजाबाकीही बरोबर आहे, हेच यातलं दुखणं. एक जून ते दोन जून वजाबाकी केली तर एक येतो. बापाचे खाडे पडतात दोन. शेवटी पोरगा फॉर्म्युल्याच्या शेपटीला 'अधिक एक' लावतो. जगातल्या प्रत्येक ऑफिसच्या प्रत्येक जुन्या फाइलीत असा एक 'अधिक एक' कुठेतरी असतो. तो कुणी लावला ते माहीत नसतं, लावणारा नोकरी सोडून गेलेला असतो, आणि काढायची कुणाची छाती होत नाही.

तरी आताची अट सरळ म्हणायची. महाराष्ट्रात पूर्वी बंदी असे १० जूनपासून, आणि ती संपे नारळी पौर्णिमेला किंवा १५ ऑगस्टला, यांपैकी जे आधी येईल त्या दिवशी. ही अट ज्याने लिहिली त्याला आज कुठल्याही कंपनीने डोळे मिटून कामावर घ्यावं. एक तारीख चंद्राची, एक भारत सरकारची, आणि दोहोंतली लहान निवडा. हा नियम आजही असता तर २०२५ मध्ये नारळी पौर्णिमा ८ ऑगस्टला, म्हणजे बोटी आठला मोकळ्या. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, पौर्णिमा सरकत सरकत ३० ऑगस्टवर गेली. तेव्हा चंद्र हरला आणि स्वातंत्र्यदिन जिंकला असता. माशांना यातलं काय कळवलं जात होतं कुणास ठाऊक. आणि आता कायदा एक ऑगस्ट म्हणत असला तरी दर्याला नारळ दिल्याशिवाय बोट लोटायची नाही असं मानणारे आहेतच. म्हणजे एकाच बंदराला दोन अटी, एक सरकारची आणि एक घरची. घरचीवर अपील नाही.

पोराची आजी तर याच्याही पुढची. तिच्याकडे तारखेचा असा फॉर्म्युला आहे जो २००७ च्या पुष्कळ आधी आला आणि ज्याला कधी अपडेट लागला नाही. तिथीला पाऊणने गुणायचं. येईल ती भरतीची वेळ. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर हे गणित पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ चालत आलं आहे. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. मधली पाच मिनिटं आजी पदरची घालते.

पोराने एका रविवारी ते एक्सेलमध्ये घालायचं मनावर घेतलं. वर्षभराच्या तिथ्या कॅलेंडरवरून उतरवून काढल्या आणि तिथेच फसला. तारीख मध्यरात्री बदलते हे एक्सेलला ठाऊक. तिथी मनाला येईल तेव्हा बदलते. दुपारी पावणेदोनला अष्टमी संपून नवमी लागली, तर ती नोंद कुठल्या खान्यात घालायची? एखाद्या तिथीला सूर्योदयच मिळत नाही, ती क्षय पावते. एखादीला दोन सूर्योदय मिळतात, ती दोनदा मोजायची का? वर अधिक महिना. तासाभराने पडद्यावर सगळीकडे चौकटीचं चिन्ह आणि 'व्हॅल्यू' असा शेरा.

"झालं का रं?" आजीने विचारलं.

"थांब गो, तिथीचा घोळ आहे."

"तू बस घोळ घालत. ओहोटी लागली."

ऑफिसातल्या दुसऱ्या आकड्याचा उगम मात्र थेट अमेरिकेत. तिथल्या सर्व्हरवरून यादी येते ती महिना आधी आणि दिवस नंतर अशी. मुंबईतला कॉम्प्युटर दिवस आधी वाचतो. मग पाच जुलैची तक्रार सात मे ची होते, बारा जुलैची सात डिसेंबरची. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बसून लोक डिसेंबरमधल्या तक्रारींचा निपटारा किती वेळात झाला याची टक्केवारी काढतात, आणि ती उत्तम येते. तेरा जुलैपासून वेगळाच खेळ. तेरावा महिना एक्सेलला माहीत नाही, अधिक मास धरायची त्याला सवय नाही. ते त्या तारखेला तारीख मानायलाच नकार देतं आणि नुसती अक्षरं म्हणून सोडून देतं. जवळून पाहिलं तर ओळखू येतं: खऱ्या तारखा खान्यात उजव्या भिंतीला टेकून उभ्या असतात, या नाकारलेल्या डाव्या भिंतीला. पण जवळून पाहतो कोण? वरून तर सगळ्या सारख्याच दिसतात. शिवाय यादी 'सुबक दिसावी' म्हणून कुणीतरी अख्खा रकाना मध्यावर आणून ठेवलेला असतो. मग उरलीसुरली खूणही जाते. फॉर्म्युला अक्षरांना मोजत नाही. सगळी गाळणी होऊन जुलैच्या जुलैत टिकतो तो एकच दिवस, सात जुलै, कारण तो दोन्ही देशांत सारखाच लिहितात.

या बाबतीत एक्सेलचा दुसरा हट्ट असा, की जी तारीख आहे तिला ते तारीख मानत नाही आणि जी नाही तिला करून सोडतं. चाळीतली खोली तीन, मजला बारा नव्हे, तीन बटा बारा. पण यादीत ३/१२ लिहिलं की तिथे राहणारं अख्खं कुटुंब तीन डिसेंबरला राहायला जातं. कोळीवाड्यातल्या वर्गणीच्या यादीत अशी किती घरं कुठल्या कुठल्या महिन्यांत विखुरलेली सापडतील सांगता येत नाही. हा त्रास फक्त वर्गणीवाल्यांनाच होतो असं नाही. माणसाच्या काही जनुकांची नावं मार्च-१, सेप्ट-१ अशी होती. जगभरच्या प्रयोगशाळांतली मोठमोठी डोकी ती यादीत भरत आणि एक्सेल त्यांची पहिली मार्च आणि पहिली सप्टेंबर करून टाकी. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने हात टेकले आणि जनुकांची नावं बदलली. मार्च-१ चं झालं मार्चएफ-१, सेप्ट-१ चं सेप्टिन-१. लाखो वर्षं शरीरात सुखाने नांदलेल्या गोष्टीला एका हिशेबाच्या वहीपायी नाव बदलावं लागलं. तेव्हा खोली नंबर बदलायला चाळकऱ्यांनी फार कां-कूं करू नये.

एवढं सगळं करून तारीख शुद्ध झाली, उजव्या भिंतीला लागली, वेळेचा अपूर्णांक छाटला, तरी मोजणी खरी येईलच असं नाही. कारण काही तारखा जन्मतःच खोट्या असतात. किंबहुना जन्माच्याच असतात.

गल्लीतल्या ज्येष्ठांचा सत्कार करायचा ठरलं. यादी आली, अर्थातच 'कॉम्प्युटरवाल्या'कडे. अट एकच: वयाची साठ वर्षं पूर्ण. पोराने फॉर्म्युला लावला, मग महिनावार फोड केली, आणि खुर्चीत ताठ बसला. सत्कारमूर्तींपैकी निम्म्याअधिक मंडळी एकाच दिवशी जन्मलेली. एक जून.

त्याला वाटलं फॉर्म्युला फाटला. फॉर्म्युला ठणठणीत होता. महाराष्ट्रातल्या एका पिढीचा हा सार्वजनिक वाढदिवस आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या. पोराला घेऊन आई शाळेत येई; गुरुजी विचारत, "जन्म कधीचा?" आई सांगे, "आखाडातला. लई पाऊस होता." आखाड आणि पाऊस यांची जोडी दरवर्षीच जमते, तेव्हा गुरुजी पोराला वरून खाली पाहत, वय ठरवत आणि वहीत ठोकून देत: १ जून. या एका तारखेवर माणसं शिकली, नोकरीला लागली, निवृत्त झाली. निवृत्त मात्र एकतीस मे ला. सरकारी नियम असा, की महिन्याच्या मधल्या कुठल्याही तारखेला जन्मलेला त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, पण एक तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. त्यामुळे दरवर्षी एकतीस मे ला सरकारी कचेऱ्यांत एकदम रांग लागते आणि शाल-श्रीफळांची ओढाताण होते. त्याच संध्याकाळी बोटीही किनाऱ्याला लागलेल्या असतात. गुरुजी जरा आळसावून दोन जून लिहिते झाले असते, तर राज्याला हजारो माणसांकडून आणखी एक महिना काम मिळालं असतं. एसटीचीही जन्मतारीख १ जून, साल १९४८, पहिली गाडी पुणे ते अहमदनगर. तिची मात्र खरी आहे.

एका दिवसाची किंमत सरकारी नोकराइतकी कुणाला कळत नाही. वार्षिक वेतनवाढ एक जुलैला, आणि तीस जूनला निवृत्त होणारा माणूस वर्षभर राबून त्या वाढीला एका दिवसाने मुके. तीस जूनच्या पाच वाजेपर्यंत तो नोकरीत, एक जुलैच्या पहाटे वाढ दारात, आणि घेणारा नोकरीत नाही. वर्षानुवर्षं हे भांडण कोर्टकचेऱ्यांत फिरत राहिलं आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तांच्या बाजूने कौल दिला. 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा लहान किंवा तेवढंच' या दोन चिन्हांमधल्या एका आडव्या रेघेसाठी लोक थेट दिल्लीपर्यंत गेले आहेत. ती रेघ साहेब दिवसातून चारदा इकडची तिकडे करायला सांगतात.

खाजगी कंपन्यांचं बरं असतं, त्यांना कोर्टात जावं लागत नाही. त्या दिवसच लांबवतात. मार्च एंडिंगला हे पाहावं. एकतीस मार्च हा आपल्याकडचा सगळ्यात लांब दिवस, साधारण पाच एप्रिलपर्यंत चालतो. बिलं फाडली जात असतात, ट्रक गेटबाहेर काढून कोपऱ्यावर उभे केले जात असतात, आणि "आज तारीख काय टाकू?" या प्रश्नाला "कालचीच टाक" हे उत्तर चार दिवस पुरतं. आपण हे इंग्रजांकडून शिकलो म्हणावं, तर त्यात थोडं तथ्य निघेल. आपलं आर्थिक वर्ष एक एप्रिलला सुरू करण्याची पद्धत त्यांनी घातली, १८६७ मध्ये. त्यांचं स्वतःचं करवर्ष मात्र आजही पाच एप्रिलला संपतं. पूर्वी तिथे वर्ष पंचवीस मार्चला सुरू होई. १७५२ मध्ये कॅलेंडर सुधारताना अकरा दिवस गाळले, पण करवसुलीचं वर्ष अकरा दिवसांनी आखूड करायला सरकार तयार होईना, म्हणून तारीखच पुढे ढकलली. आपल्या अकाउंट्स खात्याला हा इतिहास माहीत नाही, पण परंपरा त्यांनी नेकीने पाळली आहे.

मुंबईत तर तारखेच्या अटीवर लोकांची घरं उभी आहेत. कधी काळी अट होती १ जानेवारी १९९५ च्या आधीच्या झोपड्या. मग ती झाली १ जानेवारी २०००. पुढे पैसे भरून घर या बोलीवर १ जानेवारी २०११. झोपड्या होत्या तिथेच, माणसंही तीच. खान्यातली तारीख बदलली की मोजणी बदलली. इतक्या अदबीने, इतक्या कमी मेहनतीत आकडा हलवणं आपल्या साहेबांना अजून साधलेलं नाही. ते बिचारे एकतीस जुलैवरच खूष आहेत.

पोराची स्वतःची फजिती झाली ती रजेच्या अर्जावरून. वरळी कोळीवाड्यात होळी गावच्या एक दिवस आधी लागते. सगळी मुंबई ज्या रात्री होळी पेटवते, त्या रात्री इथल्या बायका आदल्या रात्रीच्या नाचाने दुखणारे पाय चोळत असतात. हे कोळीवाड्यात लहान पोरालाही माहीत, पण ऑफिसच्या सुट्ट्यांच्या यादीत तसा रकाना नाही.

"कारणात होळी लिहिलंयस. होळी तर उद्या आहे," एचआरच्या मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, आमची आज."

"म्हणजे तुमची वेगळी आहे?"

"वेगळी नाही. तीच. एक दिवस वजा."

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. रजा होळीची, तारीख होळीच्या आदली, सिस्टीम घेईना. शेवटी कारणात 'पोटदुखी' लिहिलं आणि अर्ज एका सेकंदात मंजूर झाला. वर्षाअखेरीस मोजणी झाली तेव्हा वरळी भागातल्या कर्मचाऱ्यांना एका ठरावीक दिवशी पोटाचा त्रास होतो असं निघालं, आणि कॅन्टीनच्या ठेकेदाराला समज देण्यात आली.

आणि आता ताजं प्रकरण. नाखव्याने एका संध्याकाळी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढले. सगळ्या बोटींच्या परवान्यांच्या मुदती एका जागी लिहून कुणाची संपली, कुणाची संपायची आहे ते मोजून दे, एवढंच काम. पोराने यादी भरली, घाईत वर्षाचे शेवटचे दोनच आकडे टाकत गेला, आणि अट लावली: आजच्यापेक्षा लहान तारखा मोज. सगळं छान आलं. फक्त बापाच्या बोटीपुढे लाल खूण.

"बाबा, तुमचा परवाना संपलाय."

"कोन बोलतो? तीस सालापर्यंत हाय. वाच ना."

पोराने वाचलं. ३१/०३/३०. मग खान्यावर टिचकी मारली आणि वरच्या पट्टीत पूर्ण तारीख उमटली: ३१ मार्च १९३०. घरातला कॉम्प्युटर जुना, त्याचं सेटिंग जुनं. दोन आकडी साल एकोणतीसपर्यंत असेल तर ते दोन हजारातलं मानायचं आणि तीस लागलं की एकोणीसशेत ढकलायचं, अशी त्याची जुनी समजूत.

"कॉम्प्युटर म्हणतो, संपून नव्वद-पंच्याण्णव वर्षं झाली. म्हणजे १९३० पासून तुम्ही बेकायदा मासे मारताय. बंदीतसुद्धा."

नाखव्याने चष्मा कपाळावर चढवला, पडद्याकडे बघितलं, थोडा हिशेब केला.

"एकोनीसशे तीसला माझा आजा होता. त्याची होडी शिडाची," तो म्हणाला. "तिला बंदी लागू नाय."